ओझे कोणी वाहायचे?

माथेरानच्या डोंगरावर माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा सहा महिन्यांच्या आत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाला दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हातरिक्षेचा हा प्रकार अमानुष ठरविला, राज्यघटनेने दिलेल्या प्रतिष्ठेच्या वचनाशी तो विसंगत असल्याचे बजावले, आणि निधी नाही ही सबब पुढे करता येणार नाही असेही सांगितले. श्रमिकांच्या प्रतिष्ठेची चाड असणाऱ्या सर्वांनी या निर्णयाचे स्वागत केले व ते योग्यच होते. परंतु स्वागताचा भर ओसरल्यावर एक गैरसोयीचा प्रश्न मागे उरतो. दस्तुरी नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले असता जी गोष्ट कोणाही सहृदय माणसाला कळत होती, ती थांबविण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत का जावे लागले? नेरळ, कर्जत, अलिबाग आणि मुंबई या वाटेवर शासनाची जी कार्यालये लागतात, त्यांपैकी एकालाही ही गोष्ट थांबविणे हे आपले काम वाटले नाही, याचा अर्थ काय?

या हातरिक्षा काही चोरून चालत नव्हत्या. परवानाधारक रिक्षांची संख्या ९४ होती आणि परवाने देणारी संस्था स्थानिक नगरपरिषद होती. एकाने पुढे दांडी धरून ओढायचे, दोघांनी मागून लोटायचे, आणि लाल मातीच्या चढणीवरून पाहुण्याला त्याच्या सामानासह बाजारपेठेपर्यंत न्यायचे, असा हा व्यवसाय. घटनेच्या १२ व्या अनुच्छेदाने 'राज्य' या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यात स्थानिक संस्था येतात. म्हणजे मूलभूत हक्कांचे पालन करण्याचे बंधन ज्या संस्थेवर होते, त्याच संस्थेच्या शिक्क्याने हे काम वर्षानुवर्षे चालले होते. पंजाबातील सायकलरिक्षा चालकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच हा प्रश्न श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा आहे हे ओळखून, बंदी घालण्यापेक्षा चालकांना कर्ज देऊन रिक्षांचे मालक करण्याची वाट दाखविली होती. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, गरजेने गांजलेल्या माणसाकडून किमान वेतनाखाली करून घेतलेले काम ही वेठबिगारीच होय, असे न्यायालयाने १९८२ साली सांगितले होते. कायद्याचे ज्ञान कमी पडले असे म्हणण्यास म्हणूनच जागा नाही. ते ज्ञान ग्रंथालयात होते, कचेरीच्या टेबलावर नव्हते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माथेरान व परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षेत्र म्हणून जाहीर झाला. झाडे, माती, झरे आणि हवा यांच्या रक्षणाची चिंता त्या अधिसूचनेने वाहिली, आणि ती वाहायलाच हवी होती. मोटारवाहनांना बंदी राहिली. पण मोटार थांबली म्हणून तिच्यातील प्रवासी आणि सामान थांबत नाही. ते कोणीतरी उचलावेच लागते. ते ओझे कोणाच्या खांद्यावर जाणार याचा निर्णय कोणत्याही ठरावाने केला नाही. जो सर्वांत गरजू होता त्याच्या खांद्यावर ते आपोआप जाऊन बसले. शासनाने निर्णय घेतला नाही की तो दुबळ्यांच्या विरुद्ध आपोआप लागतो, हा या प्रकरणाचा पहिला धडा आहे.

रायगड जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात, १९२३ साली, सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव झाला, पण चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, मार खावा लागला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतल्यावर दिवाणी दाव्याची दहा वर्षे सोसावी लागली. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. ठरावापासून हक्कापर्यंतचे अंतर चौदा वर्षांचे, आणि ते सारे ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांनीच पायी तोडलेले. माथेरानच्या हातरिक्षेचे प्रकरण हे त्याच परंपरेतील आहे. हक्क कागदावर असतो. तो सिद्ध करण्याचे, मागण्याचे आणि त्यासाठी झिजण्याचे ओझे मात्र ज्याचा हक्क डावलला गेला त्याच्याच माथी असते.

डॉ. आंबेडकरांना हा धोका पुरता ठाऊक होता. घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मांडताना, प्रशासनाचे तपशील घटनेत कशाला, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले होते. घटनेच्या शब्दाला हात न लावताही केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून घटना विकृत करता येते, असा त्या उत्तराचा आशय होता. घटनेचा आत्मा कोठे मारला जातो हे शोधायचे असेल तर संसदेपेक्षा तालुक्याच्या कचेरीकडे अधिक बारकाईने पाहावे लागेल, असाच त्याचा अर्थ.

तालुक्याच्या कचेरीची नजर कोठवर पोचते याचे भीषण उत्तर खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री दिले. इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती झोपेत असताना दरडीखाली गाडली गेली. वाडीची लोकसंख्या २२८ होती. सत्तावीस मृतदेह हाती लागले. पाऊस, चिखल आणि कुजण्याचा धोका यांमुळे २३ जुलैला शोध थांबविण्यात आला, आणि बेपत्ता असलेली ५७ माणसे मृत मानण्यात आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मातीचे ढिगारे उपसणारी यंत्रे पायथ्याशी उभी राहिली, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, आणि बचावासाठी आलेल्या जवानांनी व तरुणांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, द्रुतगती महामार्गाच्या शेजारी, एकविसाव्या शतकात ही अवस्था होती.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनाने नंतर सांगितले. हे स्पष्टीकरण म्हणून देण्यात आले. वस्तुतः तो कबुलीजबाब आहे. माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले होते आणि दीडशेहून अधिक माणसे तेथे दगावली होती. महाड तालुक्यातील तळिये २२ जुलै २०२१ रोजी गेले होते. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरील आदिवासी व कष्टकरी वस्त्या पावसाळ्यात कोणत्या सावलीत झोपतात हे शासनाला नव्याने कळावयाचे नव्हते. पण यादी तयार होते ती गावाच्या नावाने, महसुली नोंदीवरून, आधी घडलेल्या घटनांवरून. वाडी ही गावाची शेपटी. तिला वेगळी नोंद नाही, तिच्यापर्यंत वाट नाही, तेथून तालुक्याला तक्रार घेऊन येणाराही विरळा. ज्यांची दखल घेण्याची गरज सर्वांत अधिक, तेच दखल घेण्याच्या यंत्रणेच्या नजरेबाहेर राहतात. दुर्घटनेनंतर शासन हलले, सिडकोमार्फत चौकजवळ पायथ्याला ४४ घरांची वसाहत उभी राहिली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु जी घरे मृत्यूनंतर बांधता येतात ती मृत्यूपूर्वीही बांधता आली असती. जमीन तीच, तिजोरी तीच, कंत्राटदारही तेच.

डोंगरात पोचणे शासनाला अशक्य असते असे मानण्याचे कारण नाही. याच खालापूर तालुक्यात खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ सालचे. इर्शाळगडाच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे आणि त्याचे पाणी नळावाटे नवी मुंबईला जाते. घाट फोडून आगगाडी गेली, बोगदे खोदून महामार्ग गेला. डोंगरातून शहराकडे जे न्यायचे असते त्यासाठी वाट सापडते, अभियंते सापडतात आणि अंदाजपत्रकात तरतूदही सापडते. डोंगराकडे जे पोचवायचे असते, म्हणजे शाळा, दवाखाना, दाखला, धोक्याची सूचना, तेथे मात्र भूगोल आडवा येतो. हा भूगोलाचा दोष असता तर तो दोन्ही दिशांनी सारखाच आडवा आला असता.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून ठाकरांबरोबर कातकरी राहतात. महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमाती केंद्राने मानल्या आहेत, त्यांत कातकऱ्यांचा समावेश होतो. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा, ज्यावरून नाव पडले. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी तो संपविला. मग कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्या आल्या, मुकादमाची उचल आली, आणि दिवाळीनंतर घर सोडून पावसाच्या तोंडावर परत येण्याचे चक्र सुरू झाले. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. कर्जत तालुक्यातील माथेरानचे सुपुत्र, शेतकऱ्यांसाठी व आदिवासींसाठी धान्यकोठी काढणारे वकील भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले. ज्या मातीने स्वातंत्र्याची किंमत अशी मोजली, त्या मातीतील कातकऱ्याला आज स्वतंत्र भारताच्या कचेरीत पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : तू कातकरी आहेस याचा पुरावा काय?

हा प्रश्न एखाद्या कारकुनाच्या उर्मटपणातून आलेला नाही. तो कायद्यातून आलेला आहे. जातीचे प्रमाणपत्र देण्याबाबत व पडताळण्याबाबत महाराष्ट्राने २००० सालचा जो अधिनियम केला, त्याच्या आठव्या कलमाने पुराव्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख मानलेली असल्यामुळे त्यापूर्वीच्या वास्तव्याचे कागद मागितले जातात. बोगस दाव्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या गेल्या होत्या. त्याला आळा घालण्याचा हेतू योग्य होता. पण परिणाम काय झाला? ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्याकडे दाखला आहे. ज्याचा आजोबा कोळशाच्या भट्टीवर जन्मला, भट्टीवर मेला आणि ज्याच्या जन्माची वा मरणाची नोंद कोणी केली नाही, त्याच्याकडे नाही. म्हणजे वंचितपणा जितका अस्सल, तितका त्याचा पुरावा दुबळा. या विपरीत न्यायाने संरक्षण त्यालाच मिळते ज्याला त्याची गरज तुलनेने कमी आहे.

जमिनीची गोष्टही अशीच. अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खाजगी मालकांच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. जमिनीला भाव नव्हता तोवर मालकाला स्वस्त मजूर हवा होता, म्हणून वाडी राहिली. मुंबईचा पैसा शेतघरांच्या आणि गृहसंकुलांच्या रूपाने कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथे उतरला आणि वाडीखालची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. आता घरकुल मंजूर झाले तरी ते बांधण्यास जागा नावावर नाही. घर देणारी योजना आहे आणि घर घेणारा माणूसही आहे. मध्ये सातबाराची भिंत आहे. ही भिंत ओलांडण्याचे साधन कूळ कायद्यात आणि गावठाण विस्ताराच्या तरतुदींत आहे. पण ते वापरण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्याकडे, आणि ते वापरावे म्हणून धावाधाव करण्याचे काम कातकऱ्याकडे. शिवाय कर्जत-खालापूर हे तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाहीत. घाटमाथ्यावर आंबेगावचा काही भाग अनुसूचित आहे, उत्तरेला शहापूर आहे. तेथील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जे अधिकार दिले ते येथील वाडीला नाहीत. एक डोंगर ओलांडला की त्याच आदिवासीचे अधिकार बदलतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला. वाडीतून कर्जत, कर्जतहून पनवेल, पनवेलहून पेण असा प्रवास करून तेथे पोचायचे, आणि साहेब दौऱ्यावर आहेत असे ऐकून परतायचे.

या ठिकाणी अर्थशास्त्राचा एक साधा नियम आठवण्याजोगा आहे. कोणतीही सेवा खऱ्या अर्थाने फुकट नसते. प्रश्न एवढाच असतो की तिचा खर्च कोण सोसतो. समजा, एका दाखल्यासाठी तीन फेऱ्या पडल्या. तीन दिवसांची मजुरी बुडाली, तीन वेळचे भाडे गेले, अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे द्यावे लागले, आणि चौथ्या दिवशी दलाल भेटला. पगारदार माणसाची रजा भरपगारी असते. रोजंदारीवरील माणसाची रजा म्हणजे चूल बंद. एकाच दाखल्यासाठी मोजावी लागणारी किंमत त्यामुळे उत्पन्नाच्या उलट प्रमाणात वाढत जाते. हा एक करच आहे, गरिबातल्या गरिबावर सर्वांत जड दराने बसविलेला. फरक इतकाच की तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तो दिसत नाही. कार्यालयाने एक कर्मचारी कमी नेमला तर झालेली बचत जमाखर्चात दिसते. त्या बचतीपायी शंभर मजुरांचे शंभर दिवस बुडाले तर ते मात्र कोठेच दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते कमी करावे असे कोणाला वाटत नाही.

या परिस्थितीवर उपाय म्हणून कायदे झालेच नाहीत असे नाही. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरावीक मुदतीत सेवा मिळाली नाही तर दोन अपिले, त्यावर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती, अशी त्याची रचना आहे. पाऊल निःसंशय पुढचे आहे. पण हा हक्क अर्जदाराचा आहे. अर्जापर्यंत जो पोचलाच नाही, त्याची या कायद्याच्या हिशेबात गणती नाही. अपुऱ्या कागदपत्रांमुळे जो दारातूनच परतला त्याचा अर्ज प्रलंबित दिसत नाही, फेटाळलेला दिसत नाही, तो मुळी दिसतच नाही. १९९३ च्या कायद्याने आलेले मानवाधिकार आयोग घटना घडल्यानंतर चौकशी करतात आणि शिफारशी करतात. शिफारस मानणे हे शेवटी शासनाच्या मर्जीवर राहते. दोन्ही व्यवस्थांचे गृहीत एकच आहे : नागरिक येईल, मागेल, भांडेल. समाजातील ज्या थराला भांडण्याचे सामर्थ्यच विषमतेने हिरावून घेतलेले आहे, त्याच थराकडून ही अपेक्षा केली जाते.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळी वाट चोखाळली होती, याचे स्मरण येथे करून देणे अगत्याचे आहे. १९७२ च्या दुष्काळात फळाला आलेली, वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्याच्या रूपात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्यामागचे तत्त्व क्रांतिकारक होते. काम मागणाऱ्याने आपली गरिबी सिद्ध करायची नव्हती. कडक उन्हात खडी फोडायला तयार होणे हाच पुरावा. पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर भत्ता देण्याची जबाबदारी शासनाची. आणि खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसविला गेला. पुराव्याचे, मुदतीचे आणि पैशाचे अशी तिन्ही ओझी मजुराच्या खांद्यावरून उतरवून राज्याच्या खांद्यावर ठेवली गेली. अंमलबजावणीत नोकरशाहीने पळवाटा काढल्या, भत्ता फारसा कोणाला मिळाला नाही, हे खरे. तरीही तत्त्व इतके भक्कम होते की २००५ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला.

पुढारलेल्या देशांनाही हा धडा ठेच लागूनच शिकावा लागला. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा लंडनमध्ये १९९३ साली खून झाला, पोलिसांनी तपासात अक्षम्य हेळसांड केली, आणि मॅक्फर्सन चौकशी अहवालाने १९९९ साली सांगितले की दोष दोन-चार अधिकाऱ्यांच्या मनात नाही, तो संस्थेच्या कारभारात मुरलेला आहे. त्यानंतर २००० साली वंशसंबंध कायदा सुधारण्यात आला आणि २०१० च्या समता कायद्याच्या १४९ व्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर कर्तव्य टाकले : कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्याचा समतेवर काय परिणाम होईल याचा यथोचित विचार केला पाहिजे. तक्रारीची वाट पाहायची नाही. विचार आधी करायचा. तेथेही या कर्तव्याचे अनेकदा रकाने भरण्याच्या सोपस्कारात रूपांतर झाले, ही टीका विसरता कामा नये. परंतु त्यातून कर्तव्य निरर्थक ठरत नाही. ते तपासण्याचे काम कोणाच्या हाती असावे एवढाच प्रश्न उरतो. ज्यांच्यासाठी कर्तव्य आहे त्यांच्याच हाती ते असले पाहिजे, हे त्याचे उत्तर होय.

आक्षेप घेतले जातील. पुराव्याचा भार कार्यालयाने उचलला तर खोट्या दाव्यांचे पेव फुटेल, असे म्हटले जाईल. पण खोटा दावेदार हा बहुधा कागदांच्या बाबतीत दरिद्री नसतो. उलट कागद तयार करून घेण्याची ऐपत त्याच्यापाशीच असते. कागदाच्या चाळणीतून तो सहज निसटतो आणि कातकरी अडकतो. प्रत्यक्ष वाडीत जाऊन, वाडीसमोर, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने केलेली चौकशी खोट्याला अधिक अवघड आहे. जन्म, शाळा, जंगल आणि महसूल यांची दप्तरे शासनाच्याच ताब्यात आहेत. ती शोधण्याचे काम ज्याला दप्तरखान्यात प्रवेश नाही त्याच्यावर टाकणे हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर न्यायालयाने माथेरानच्या निमित्ताने दिलेच आहे. शिवाय इर्शाळवाडीत वाचविलेला पैसा किती महाग पडला हे सर्वांसमोर आहे. तिसरा आक्षेप पर्यावरणाचा व घोडेवाल्यांच्या पोटाचा. तो उडवून लावण्यासारखा नाही. माथेरानचे जंगल टिकले नाही तर तेथे कोणाचाच रोजगार टिकणार नाही. म्हणून ई-रिक्षांची संख्या, मार्ग आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांवर मर्यादा हव्यातच. पण जंगल वाचविण्याचा खर्च साऱ्या समाजाने वाटून घ्यायचा असतो. तो ९४ रिक्षा ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांतून वसूल करायचा नसतो. आणि घोडेवाल्याच्या भाकरीचा प्रश्न सोडविण्यासाठी दुसऱ्या माणसाने घोडा व्हावे, हे उत्तर कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही.

तेव्हा मागणी सहानुभूतीची नसून रचनेतील बदलाची आहे. पहिली गोष्ट, प्रत्येक तालुक्याने वाडी हा घटक धरून दरवर्षी हक्कांचा ताळेबंद मांडावा : कोणत्या वाडीला वाट नाही, कोणती उतारावर आहे, कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाचे घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, कोणती मुले भट्टीवर गेली आहेत. हा ताळेबंद कचेरीने तयार करावा आणि वाडीसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. वाडीने 'बरोबर' म्हटल्याशिवाय तो पुरा मानू नये. दुसरी गोष्ट, विशेष दुर्बल आदिवासी गटांपुरते तरी २००० च्या अधिनियमाचे आठवे कलम उलटे करावे. दावा खोटा आहे असे कार्यालयाला वाटत असेल तर ते कार्यालयाने सिद्ध करावे. तिसरी गोष्ट, लोकसेवा हक्क अधिनियमात अर्ज न करू शकलेल्यांचा समावेश करावा. दारातून परत पाठविलेल्या प्रत्येकाला कारणाची लेखी पोच देणे सक्तीचे करावे, म्हणजे जे आज दिसत नाही ते दिसू लागेल. चौथी गोष्ट, परवाना देणाऱ्या, अधिसूचना काढणाऱ्या आणि निविदा मंजूर करणाऱ्या प्रत्येक संस्थेवर, निर्णयापूर्वी त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाणार आहे हे लेखी नोंदविण्याचे बंधन कायद्याने घालावे. आणि माथेरानच्या बाबतीत, ई-रिक्षांची मालकी रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती, शक्य तर त्यांच्या सहकारी संस्थेच्या हाती राहावी. ई-रिक्षांच्या वाटपाबद्दलच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, ही गोष्ट सावध करणारी आहे. गुजरातमधील केवडियात आदिवासी स्त्रिया ई-रिक्षा चालवितात, त्या नमुन्याकडे न्यायालयाने बोट दाखविले आहे. माणसाच्या खांद्यावरची दांडी काढली आणि त्याच्या कमाईवर कंत्राटदार बसविला, तर ओझ्याचे केवळ रूप बदलेल.

यांतील एकही गोष्ट क्रांतीची वाट पाहणारी नाही. एक शासननिर्णय, दोन कायदेदुरुस्त्या आणि तहसील कचेरीतील एक नवी नोंदवही एवढ्यावर पुष्कळ होण्यासारखे आहे. ते होत नाही, कारण आज असलेल्या व्यवस्थेत कोणाचेच काही अडत नाही. अडते ते फक्त वाडीचे, आणि वाडी पेणपर्यंत पोचेतो कचेरीची वेळ संपलेली असते. म्हणून हे काम केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. कर्जत-खालापुरातील कष्टकऱ्यांच्या संघटना, शिक्षक, वकील आणि तरुण यांनी पहिला ताळेबंद स्वतः मांडावा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा. महाडच्या तळ्यावर जे चालत गेले त्यांनी ठरावाची अंमलबजावणी स्वतःच्या पायांनी केली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना प्रत्येक हक्कासाठी पुन्हा तितकेच चालावे लागत असेल, तर मधल्या काळात राज्य कोठे होते, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

सहा महिन्यांची मुदत न्यायालयाने हातरिक्षेला दिली होती. कचेऱ्यांतील अदृश्य हातरिक्षांना, ज्यांत राज्य आरामात बसलेले आहे आणि ओढणारा उपाशी आहे, अशी मुदत अद्याप कोणी दिलेली नाही. ती लोकांनीच द्यावी लागेल.